खात्रीचे यंत्र करणारा माणूस : लक्ष्मणराव किर्लोस्कर

यंत्रावर लेख लिहिण्याचा कला शाखेच्या विद्यार्थिनीला काय अधिकार, असा प्रश्न कोणीही विचारील. माझा अधिकार एवढाच की आमच्या घरचे जेवण एका इंजिनवर चालते. माझा थोरला भाऊ वडापची जीप चालवतो. दहावीनंतर त्याने शाळा सोडली आणि मी कॉलेजला आले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या फीचे पैसे त्या जीपच्या चाकांतून येतात.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दादाने त्या जीपला टर्बो बसवून घेतला. मूळच्या इंजिनला तो नव्हता. मिस्त्रीने एका गाडीच्या टर्बोचे घर घेतले, त्यात दुसऱ्या गाडीचे मोठे चक्र बसवले आणि डिझेलही वाढवून दिले. अशा मिश्र जुळणीला गॅरेजमध्ये हायब्रिड म्हणतात. पहिले तीन महिने जीप घाट अशी चढली की दादा घरी येऊन त्याचेच वर्णन करीत बसे. चौथ्या महिन्यात चढावरच हेडचे गॅस्केट गेले, पाणी सिलिंडरमध्ये उतरले आणि इंजिन जाम झाले. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. मिस्त्री म्हणाला, गाडी तुम्ही ताणलीत. दादा म्हणाला, काम कच्चे होते. खरे कोणाचे, हे मला आजही ठरवता आलेले नाही. पण त्या दिवसांत एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. एखादे यंत्र खात्रीचे आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ती खात्री नेमकी कोण देतो आणि कशाच्या बळावर देतो?

आमच्या भागात या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर किर्लोस्करवाडीकडेच पाहावे लागते. म्हणून हा लक्ष्मणरावांच्या चरित्राचा अल्प परिचय.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशीनाथपंत हे वेदान्ताचे जाणकार. मुलाने शास्त्राभ्यास करावा ही घराची रीत. परंतु मुलाचे मन पाठांतरात रमेना. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता, चित्रे काढणे आणि यंत्रे खोलून पाहणे. घरच्यांच्या मनात नसताना १८८५ मध्ये तो मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पाठीशी उभे राहिले ते थोरले बंधू रामूअण्णा. थोरल्या भावाच्या आधारावर शिकणाऱ्यांना या ओळीचे मोल निराळे सांगावयास नको.

तेथे त्यांच्या आयुष्याला पहिला धक्का बसला. त्यांना काही रंगांतील फरक ओळखू येत नाही असे ध्यानात आले. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्याला याहून मोठा आघात तो कोणता? दुसरा एखादा गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा ठेवली. यंत्रांचे आराखडे काढण्यास रंगांची गरज नसते. त्यात ते इतके तयार झाले की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना यांत्रिक रेखाटन शिकविण्याची नोकरी मिळाली. दिवसा शिकवावे आणि उरल्या वेळी तेथील कार्यशाळेत यंत्रांवर हात चालवावा, असा त्यांचा क्रम होता. त्यांचे खरे शिक्षण ते हेच.

दरम्यान १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान निघाले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकीत. पुढे संस्थेतील बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले.

सायकल दुरुस्त करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. यंत्र विकले त्या दिवशी व्यवहार संपत नाही. गिऱ्हाईक पुन्हा दारात येणारच. सायकलच्या दुकानातून त्यांची नजर शेतकऱ्याच्या अवजारांकडे वळली. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि त्यानंतर लोखंडी नांगर. हा काळ १९०३ च्या आसपासचा. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी तेव्हाची समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली.

आज आपण त्या समजुतीला हसतो. मला मात्र त्या शेतकऱ्यांना हसावेसे वाटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो संध्याकाळपर्यंत नीट करून देई. तो सुतार ओळखीचा, बलुत्याने बांधलेला. लोखंडी नांगर मोडला तर ऐन पेरणीच्या आधी कोठे जायचे? विषाची गोष्ट खोटी असेल. पण तिच्यामागची भीती खरी होती. कर्ज काढून घेतलेली वस्तू अडचणीच्या वेळी दगा देईल, ही ती भीती होय. दादाची जीप बंद पडल्यावर आमच्या घरात हीच भीती वावरत होती.

ही भीती भाषणांनी जात नाही. ती घालवावी लागते मालाने. नांगराचे सगळे मर्म त्याच्या फाळाच्या टोकाशी असते. लोखंड मऊ राहिले तर टोक चार दिवसांत बोथट होते. फार कडक झाले तर दगडावर आपटून तुटते. झिजण्याला कडक आणि धक्क्याला चिवट असे बीड ओतणे ही ओतकामातील कसोटी आहे. शिवाय फाळ कधी ना कधी झिजणारच. तेव्हा तेवढाच भाग खोलून त्याच मापाचा दुसरा बसला पाहिजे. लोखंडी नांगर गावोगाव गेला तो अशा सुट्या भागांच्या जोरावर. सांगलीच्या काळ्या रानात आणि साताऱ्याच्या माळावर तो चालला, तेव्हा कोठे लोकांच्या मनातले विष उतरले.

धंदा बसतो आहे तोच बेळगावात कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. नगरपालिकेला ती हवी होती. याच सुमारास औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याकडे लक्ष्मणरावांचे बांधकाम चालू होते. राजेसाहेबांना ही अडचण कळली. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज देऊ केले. जमीन कसली, निवडुंगाने भरलेला आणि सापांनी व्यापलेला माळ! १९१० च्या मार्चमध्ये लक्ष्मणराव तेथे उतरले. परदेशातील कारखानदारांनी कामगारांसाठी वसविलेल्या गावांविषयी त्यांनी वाचले होते. तसे एक गाव आपल्या मातीत उभे करावे हा त्यांचा ध्यास होता. त्याच स्टेशनाचे नाव पुढे किर्लोस्करवाडी झाले. तेव्हा हा मुलूख औंध संस्थानात होता; आज तो सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे.

या माळावर त्यांनी माणसे कोणती जमविली ते पाहण्यासारखे आहे. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली. शंभूराव जांभेकर यंत्रांच्या कामात रमले. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडून आलेले. ते येथे यंत्रज्ञ झाले. मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळले. आणि रात्रीच्या राखणीला होते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, तुरुंगात शिक्षा भोगून आलेले दोन गृहस्थ. ज्या काळात १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते, आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द होईपर्यंत तो शिक्का पुसला जायचा नव्हता, त्या काळात कारखान्याच्या राखणीचे काम लक्ष्मणरावांनी अशा हातांत दिले. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा त्यांचा नियम होता. यंत्राची पारख करताना नाव पाहू नये, काम पाहावे. माणसाचेही त्यांनी तसेच केले.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. अशा वेळी छत्रपती शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या, अशी हकीकत आमच्या भागात सांगतात. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी गिऱ्हाइकांशी बोलण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि त्यापाठोपाठ ‘स्त्री’ व ‘मनोहर’ आली. नांगराच्या कारखान्याने मराठी घरांना वाचनाची गोडी लावावी, हे आम्हां कला शाखेच्या मुलांनी विसरू नये असे आहे.

नांगरापाठोपाठ चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे आणि १९२६ मध्ये सेंट्रिफ्यूगल पंप आले. मोटेच्या जागी पंप आला की त्याला चालविणारे इंजिन हवेच. इकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांनीही नांगरांपासून सुरुवात करून १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने केली होती. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. किर्लोस्करांच्या पुढच्या पिढीत, लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या पुढाकाराने, १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. कृष्णाकाठच्या विहिरींवर जी इंजिने रात्रभर एका सुरात चालत, त्यांच्यामागे हा सारा इतिहास आहे.

त्या इंजिनांत दिमाख नव्हता. ती जड होती, सावकाश फिरत, आणि शेतकऱ्याच्या पोराला पान्याने खोलता येत. आता दादाच्या टर्बोकडे पाहू. या युक्तीचे पेटंट आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये घेतले, म्हणजे बेळगावात नांगर विकत नव्हते त्याच सुमारास. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जाळता येते आणि जोर वाढतो. पण ही चक्रे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतात, आणि दांडा तरंगतो तो ऑइलच्या पातळ थरावर. दोन निरनिराळ्या गाड्यांची चक्रे एका दांड्यावर बसविली आणि त्यांचा तोल नीट साधला नाही, किंवा घाट चढून येताच इंजिन झटकन बंद केले, तर तो थर तुटतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की पिस्टन, गॅस्केट, पाण्याची वाट ही सारी मूळ जोराच्या हिशेबाने केलेली असतात. एक भाग बळकट केला की भार शेजारच्या दुबळ्या भागावर जातो. कारखान्यात टर्बोसह जन्मलेली इंजिने लाखो किलोमीटर चालतात, कारण तेथे शेजारचे भागही त्या हिशेबाने बदललेले असतात. तेव्हा दोष टर्बोचा नव्हता. दादाच्या जीपमध्ये बाकीचा हिशेब कोणी केलाच नव्हता.

हिशेब न करता केलेले धाडस लक्ष्मणरावांनी केले नाही असे मी म्हणत नाही. निवडुंगाच्या माळावर गाव वसविणे हे धाडसच होते. फरक इतकाच की ते धाडस त्यांनी स्वतःच्या जिवावर केले, गिऱ्हाइकाच्या नांगरटीवर केले नाही.

उतारवयात त्यांना एक फार कडू दिवस पाहावा लागला. १९४८ च्या आरंभी, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत, किर्लोस्करवाडीलाही आग लावण्यात आली. ज्या मुलखाला त्यांनी नांगर दिले त्याच मुलखातील हे हात होते, ही गोष्ट आमच्या भागातील माणसाने खाली मान घालूनच सांगावी लागते. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सारे वाचून काढले आणि रात्री दादाला सांगितले. त्याने मध्येच थांबवून एकच विचारले : पहिली दोन वर्षे नांगर खपला नाही, तेव्हा घर कशावर चालले? मला ते सांगता आले नाही. चरित्रे वाचताना हा प्रश्न मला सुचला नव्हता. ज्याच्यावर घर चालते त्यालाच तो सुचतो. सायकलच्या दुकानावर चालले असेल असे मी म्हणाले, आणि तो बराच वेळ गप्प राहिला.

जीप आता पुन्हा रस्त्यावर आहे. टर्बो काढला, इंजिन मूळच्या मापावर नव्याने बांधून घेतले. या वेळी कोणता भाग कोणत्या मापाचा घातला ते मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्यायचे असे आम्ही ठरविले. मिस्त्रीने कुरकुर केली, पण लिहून दिले. तो कागद आणि ऑइल बदलल्याच्या तारखा मी एका वहीत माझ्या हाताने उतरते. वही जीपच्या कप्प्यात असते. घाटाला गाडी पूर्वीसारखीच दमाने चढते, आणि पाटल्या अजून सोडवायच्या आहेत.