पंडिता रमाबाई व त्यांची आजीबाई

मुलगा कॉलेजांत गेला आणि प्रार्थनेस बसेनासा झाला, किंवा मुलगी शास्त्रपठण सोडून वाद घालूं लागली, म्हणजे ख्रिस्ती मातेच्या जिवास जो घोर लागतो तो आम्हांस अपरिचित नाहीं. अशा मातांस संत मोनिकेचें चरित्र सांगण्याचा प्रघात आहे. आज आम्ही जवळचें उदाहरण घेतों. घोडेगाव व केडगाव हीं दोन्ही एकाच पुणें जिल्ह्यांतलीं. आणि केडगावच्या मुक्तिसदनाच्या संस्थापिकाही एके काळीं आपल्या धर्ममातेशीं अशाच झगडल्या होत्या, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजीं गंगामूळ येथील अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें व त्या माउलीनें तें मुलीस दिलें. पुढें 1874 च्या सुमारास दुष्काळांत आईबाप दोघेही अन्नान्न दशेंत वारले. व्रतें व तीर्थयात्रा करूनही हें दैव पाहून मुलीची जुन्या धर्मावरील श्रद्धा हळूहळू ढळली. 1878 सालीं कलकत्त्यास त्यांस पंडिता ही पदवी मिळाली. 1880 सालीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं विवाह झाला व 1882 सालीं वैधव्य आलें. एवढी सर्व उलाढाल वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वींच!

1883 सालीं त्या लहानग्या मनोरमेस घेऊन विलायतेस गेल्या आणि वाँटेज येथील मठांत राहिल्या. त्याच वर्षीं 29 सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तेथील सिस्टर जेराल्डिन यांनीं धर्ममातेप्रमाणें त्यांची काळजी वाहिली. रमाबाई त्यांस प्रेमानें आजीबाई म्हणत.

परंतु लवकरच खटके उडूं लागले. त्रैक्याचा सिद्धांत व येशूचा कुमारीपासून जन्म हीं रमाबाईंच्या बुद्धीस पटेनात. ख्रिस्ताची शिकवण मान्य, पण धर्मगुरु सांगतील तें डोळे झांकून मानणें मान्य नाहीं, असा त्यांचा बाणा होता. वाद कधीं कधीं अगदीं बारीक गोष्टींवरही येई. अंडें घातलेला पदार्थ त्या खाईनात. गळ्यांतील क्रूसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, असें त्या विचारीत. मनोरमेस काय शिकवावें यावरूनही बरीच कटुता आली. जेराल्डिनबाईंस हा सर्व गर्वाचा प्रकार वाटला व त्यांनीं तसें स्पष्ट लिहिलें. त्यांचें प्रेम खरें होतें यांत आम्हांस शंका नाहीं. परंतु शंका विचारणें आणि आज्ञाभंग करणें यांतील भेद त्यांस दिसला नाहीं, असें आमचें मत आहे. घरोघरच्या आयांचेंही पुष्कळदां असेंच होतें.

चेल्टनहॅमच्या विद्यालयांत रमाबाई 1884 पासून संस्कृत शिकवीत. तेथील प्रमुख डोरोथिया बील यांची रीत निराळी होती. रमाबाईंचे प्रश्न प्रामाणिक आहेत असें धरून त्या पत्रांतून विचारपूर्वक उत्तरें देत, आणि घाई करूं नये असें मठांतील भगिनींस सुचवीत. तरी त्यांसही फळ लगेच दिसलें नाहीं. 1886 सालीं रमाबाई अमेरिकेस निघून गेल्या, त्या आपल्या शंका घेऊनच.

त्या 1889 सालीं स्वदेशीं परतल्या व त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. पुण्यास असतां 1891 च्या सुमारास हॅस्लम नांवाच्या धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचनांत आलें. आपणांस ख्रिस्ताचा धर्म सांपडला आहे, पण खुद्द ख्रिस्त सांपडला नाहीं, अशी जाणीव त्यांस झाली. आणि मग त्यांनीं आपला भार सर्वस्वी त्याजवर टाकला. ही हकीकत त्यांनीं 1907 सालीं आपल्या साक्षीच्या पुस्तकांत लिहिली आहे. वाँटेजला ज्याचें बी पडलें, त्यास अंकुर फुटला तो आठ वर्षांनीं, हजारों मैल दूर. आणि तो पाहावयास आजीबाई तेथें नव्हत्या.

त्यानंतरचें कार्य सर्वश्रुत आहे. 1896-97 च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों अनाथ मुलींस त्यांनीं आणलें व केडगावास आश्रय दिला. मनोरमा मोठी होऊन आईच्या कार्यांत उजवा हात झाली. ती 1921 सालीं आईच्या डोळ्यांदेखत वारली. रमाबाईंनीं त्या शोकांतही हिब्रू व ग्रीक मुळांवरून चाललेलें मराठी बायबलाचें भाषांतर तडीस नेलें आणि 5 एप्रिल 1922 रोजीं देह ठेवला. तें बायबल 1924 सालीं केडगावच्याच छापखान्यांत छापून झालें.

आजीबाईंशीं पत्रव्यवहार मात्र मतभेदानंतरही तुटला नव्हता. जेराल्डिनबाईंनीं रमाबाईंचीं पत्रें, रागाचीं व वादाचीं सुद्धां, फाडलीं नाहींत. म्हातारपणीं, 1917 च्या सुमारास, त्यांनीं तीं सर्व जुळवून ठेवलीं, आणि 1977 सालीं तीं मुंबईस ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं.