श्री. भाग्यरेड्डी वर्मा

भागानगराच्या इतिहासात दरबारी अमीर-उमरावांची नावे पुष्कळ आढळतात. परंतु जन्मावरून मिळालेल्या मानाचा व अवमानाचा प्रश्न ज्यांनी ह्या नगरीत चारचौघांत बोलावयास लावला, त्या भाग्यरेड्डी वर्मा ह्यांचे चरित्र मराठी मंडळींस तितकेसे परिचित नाही.

त्यांचा जन्म २२ मे १८८८ रोजी हैदराबादेत, माला जातीच्या एका निर्धन कुटुंबात झाला. मूळ नाव भागय्या. कुलगुरूंनी त्यांस भाग्यरेड्डी हे नाव दिले. अस्पृश्य गणले गेलेले हे लोक एके काळी ह्या भूमीचे धनी होते, असा त्यामागील भाव. वंशाविषयीचे हे मत विद्वानांत वाद्य आहे. तथापि त्या नावाने एका पददलित समाजास ताठ उभे राहण्याचे बळ दिले, हे मान्य करावेच लागेल.

१९०६ साली त्यांनी जगन्मित्र मंडळी स्थापिली. तिचे साधन कोणते, तर हरिकथा! कीर्तनाच्या छायेत वाढलेल्या भाविकांस ह्याचे मर्म सांगावयास नको. ज्यास अक्षर वाचता येत नाही त्याच्याशीही कथेच्या द्वारे बोलता येते. मद्यपान, बालविवाह, मुलींस देवास वाहण्याची चाल, ह्यांविषयी आपल्याच वस्तीत ते निर्भीडपणे बोलत. १९११ मध्ये ह्या मंडळीचा मान्य संघम् झाला. गौलीगुड्यापासून फार दूर नसलेल्या इसामिया बाजारात त्यांनी मुलांसाठी शाळा उघडली, आणि पुढे अशा शाळांची संख्या २६ पर्यंत गेली. न्यायमूर्ती राय बालमुकुंद ह्यांच्यासारखे उच्चवर्णीय गृहस्थही त्यांच्या कार्यात सामील झाले. दोन्ही बाजूंची माणसे एका बैठकीवर येऊन बोलू लागली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे.

१९१७ साली विजयवाडा येथे भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. परिषद 'पंचमां'ची म्हणून बोलाविलेली; पण त्यांनी त्या नावासच हरकत घेतली, आणि सभेने 'आदि-आंध्र' हे नाव स्वीकारिले. शास्त्राभ्यासकांनी हे ध्यानी घ्यावे की, मनुस्मृतीही चारच वर्ण सांगून पाचवा नाही असे स्पष्ट म्हणते. मग ज्या नावास स्मृतीचाही आधार नाही, ते कोट्यवधी माणसांच्या कपाळी कोणी व कशासाठी लाविले?

चरित्रकाराने एक अप्रिय गोष्टही झाकू नये. अरिगे रामस्वामी ह्यांनी माला व मादिगा ह्या दोन जातींत विवाह घडवून आणण्याचा प्रयत्न केला, तेव्हा भाग्यरेड्डींनी त्यास विरोध केला. मादिगांच्या मनात ह्याचा सल राहिला. स्वतःहून खालच्या मानलेल्या पायरीकडे पाहण्याचा प्रसंग आला म्हणजे थोर पुरुषाचीही दृष्टी कशी अडते, हे येथे दिसते.

१९३१ च्या शिरगणतीत निजाम सरकारने 'आदि-हिंदू' ही नोंद मान्य केली. भाग्यरेड्डी १८ फेब्रुवारी १९३९ रोजी निवर्तले.