आटणारे सरोवर आणि हम्बोल्ट

व्हेनेझुएलातील व्हॅलेन्सिया सरोवराचे पाणी वर्षानुवर्षे मागे हटत होते. जमिनीखाली कुठेतरी वाट फुटून ते वाहून जाते, अशी काठावरच्या लोकांची समजूत होती. १८०० मध्ये तिथे पोचलेल्या अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांना कारण वेगळेच दिसले. नीळ आणि इतर पिकांसाठी जंगल तोडले होते, ओढ्यांचे पाणी शेतांकडे वळवले होते. सावली गेल्याने जमीन सुकली. मुळांचा आधार सुटला, तसा पाऊस मुरेनासा झाला आणि उतारावरची माती घेऊन वाहू लागला.

हम्बोल्ट यांचा जन्म १७६९ चा, बर्लिनचा. प्रशियाच्या खाण खात्यात ते अधिकारी होते. १७९६ मध्ये आई वारली, वारशाचा पैसा हाती आला आणि नोकरी सुटली. १७९९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बोनप्लां यांच्यासह ते दक्षिण अमेरिकेला निघाले.

१८०२ मध्ये ते चिंबोराझो पर्वत चढले. शिखर काही गाठता आले नाही. पण तापमापक आणि वायुभारमापक सोबत असल्याने चढाई वाया गेली नाही. अँडीजच्या खालच्या भागात ताड, वर ओक, मग झुडपे, गवत आणि बर्फाजवळच्या खडकांवर फक्त दगडफूल. उंचीबरोबर तापमान व हवेचा दाब बदलतो, तशी वनस्पतीही बदलते, हे त्यांनी पर्वताच्या एकाच चित्रात मांडले. ते १८०७ मध्ये प्रसिद्ध झाले. परिसंस्था ही संज्ञा शास्त्रात आली ती थेट १९३५ मध्ये.

हीच मोजमापे त्यांना हिमालयातही घ्यायची होती. ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही. १८५९ मध्ये बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले, तोवर वारशाचा पैसा प्रवास आणि पुस्तकांवर संपला होता.