डॉ. अनिता अवचट यांचे जीवित व कार्य

दारूने मोडलेले घर पाहिले नाही असा उपदेशक आपल्या सोलापूर जिल्ह्यात क्वचितच सापडेल. मनुष्य शपथ घेतो, आठ दिवस ती पाळतो, बाजाराच्या दिवशी जुने सोबती भेटतात आणि तो पुन्हा हातभट्टीच्या दारी जातो. मग त्याच्या ठायी निश्चय नाही असे म्हणून आपण त्यास सोडून देतो. परंतु निश्चयासोबत आणखी एका गोष्टीची गरज असते. ती कोणती, हे ज्यांच्या जीवितावरून शिकावे अशा एका डॉक्टरीणबाईंचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवीत आहो.

अनिताबाईंचे माहेरचे नाव सुनंदा सोहोनी. वैद्यकीचे शिक्षण घेत असता त्यांचा अनिल अवचट यांच्याशी परिचय झाला व पुढे विवाह झाला. पतीने डॉक्टरी बाजूस ठेवून दीनदुबळ्यांच्या हालअपेष्टा लिहून काढाव्यात म्हणून बाईंनी संसाराचा भार आपल्या नोकरीवर घेतला. मनोविकारांच्या चिकित्सेत त्या निष्णात झाल्या आणि पुण्याजवळील येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करू लागल्या.

त्या काळी गर्द नावाचे विष तरुणांत पसरले होते. त्याविषयी अनिलरावांनी लिहिलेले लेख वाचून सुप्रसिद्ध लेखक पु. ल. देशपांडे व त्यांच्या पत्नी सुनीताबाई यांचे अंतःकरण हेलावले व त्यांनी ह्या कार्यासाठी मोठी देणगी देऊ केली. मनोरुग्णालयाच्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण ह्या संस्थेचा आरंभ झाला. तिची धुरा अनिताबाईंनी उचलली. पुढे गर्दबरोबर दारूने ग्रासलेलेही तेथे मोठ्या संख्येने येऊ लागले.

व्यसनी मनुष्य दुष्ट नसून आजारी आहे, ह्या पायावर बाईंनी आपले काम उभारले. मारझोड व अपमान यांस तेथे थारा नव्हता. रुग्णास त्या रुग्णमित्र म्हणत. जे स्वतः व्यसनातून सुटले त्यांसच त्यांनी पुढे इतरांचे साहाय्यकर्ते केले. कारण त्या दरीतून वर आलेल्यासच तिच्या वाटा ठाऊक असतात.

ही गोष्ट जगात पूर्वीही प्रत्ययास आली होती. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी बिल विल्सन नावाचा एक गृहस्थ धंद्यात अपयश येऊन निराश झाला होता. दारू सोडून त्यास काही महिनेच झाले होते व पुन्हा पिण्याचा मोह त्यास घेरू लागला. तेव्हा त्याने दारूच्या पाशात सापडलेल्या दुसऱ्या एखाद्या मनुष्याचा शोध केला, आणि डॉ. रॉबर्ट स्मिथ यांची गाठ पडली. ते डॉक्टर असूनही दारूपुढे हतबल होते. दोघांनी आपापली कहाणी एकमेकांस सांगितली, व तेथून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ह्या बंधुसंघाचा उगम झाला. आपल्या देशात हा संघ १९५७ पासून आहे.

औषधाने अंगातील विष काही दिवसांत उतरते. मनाची ओढ मात्र वर्षानुवर्षे राहते. म्हणून उपचार संपवून घरी परतलेल्यास त्याच्या गावाजवळ नियमित सभा हवी. तीत कोणी न्यायाधीश नसतो; प्रत्येक जण आपलीच गोष्ट सांगतो. ह्या संघाच्या सभेस वर्गणी लागत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. काही सभा केवळ पिणाऱ्यांकरिता असतात, तर काहींत घरच्या माणसांसही बसता येते. बायकोमुलांचे दुःख निराळे असते, म्हणून त्यांच्याकरिताही वेगळे गट असतात.

आता उपदेशक बंधूंनो, आपले कर्तव्य ऐका. आपल्या मनुष्यास एका सभेत नेले व त्याचे मन रमले नाही, तर तो सुधारणार नाही असे ठरवू नका. दुसऱ्या, तिसऱ्या सभेत न्या. सोलापुरी मराठी, तेलुगु व कानडी बोलणारे शेजारी शेजारी राहतात. ज्या भाषेत तो रडतो त्या भाषेची सभा पाहा. कामाची वेळ व गाडीभाडे यांचा विचार करा. त्याची कहाणी ज्यांच्या कहाणीशी जुळते अशी माणसे जेथे भेटतील, तीच त्याची सभा. पहिल्या दिवशी त्यास एकटे पाठवू नका. स्वतः बरोबर जा, आणि तेथे जे ऐकाल ते गावात बोलू नका. मात्र फार दिवस व फार पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडल्यास झटके येतात, भ्रम होतो, क्वचित प्राणही जातो; म्हणून त्यास आधी डॉक्टरांकडे न्यावे.

अनिताबाईंस कर्करोगाने गाठले, तरी त्यांनी रुग्णमित्रांचा हात सोडला नाही. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्या निवर्तल्या. पुढे त्यांची कन्या मुक्ता यांनी त्या कामाची जबाबदारी घेतली. स्वतःच्या देहातील दुखणे हटत नाही हे ठाऊक असता जी बाई दुसऱ्यांच्या दुखण्यापाशी बसून राहिली, तिच्यापासून आपण एवढे तरी शिकावे: दहादा पडलेल्या बंधूच्या दारी अकराव्यांदा जावे, आणि त्यास हात धरून त्याच्यासारख्यांच्या मेळाव्यात नेऊन बसवावे.