जेम्स जूल

उन्हाळ्याच्या दिवसांत विजेचा पंखा बराच वेळ फिरत राहिला, म्हणजे त्याचे यंत्र तापते. ही उष्णता किती व कशी निर्माण होते, याचा नियम ज्याने शोधून काढला, त्याचे नाव जेम्स प्रेस्कॉट जूल.

इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड या गावी २४ डिसेंबर १८१८ रोजी जूलचा जन्म झाला. त्याच्या वडिलांचा बिअरचा मोठा कारखाना होता. जूल लहानपणी अशक्त असल्यामुळे त्याचे शिक्षण घरीच झाले. पुढे थोर रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन हा त्याला गुरू म्हणून लाभला.

कारखान्यातील वाफेच्या यंत्राचे काम विजेच्या यंत्राकडून स्वस्तात करून घ्यावे, अशी तरुण जूलची मोठी उमेद होती. त्याने स्वतः तशी यंत्रे तयार केली. परंतु विजेचा काही अंश तारा तापविण्यातच खर्ची पडत असे. तेव्हा त्याने तारेचे वेटोळे पाण्यात बुडविले, त्यातून प्रवाह सोडला आणि पाणी किती तापते ते काळजीपूर्वक मोजले. प्रवाह दुप्पट केला, तर उष्णता चौपट होते. तिप्पट केला, तर नऊपट! १८४० साली लागलेला हा शोध जूलचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे.

पंख्याचे पाते अडकले किंवा वंगणावाचून त्याचा आस जड फिरू लागला, म्हणजे यंत्र अधिक प्रवाह ओढते. मग त्यातील तारांची गुंडाळी भराभर तापते आणि तारेवरचे वेष्टन जळून जाते. म्हणूनच पंख्याला वेळेवर तेल द्यावे, हवा खेळण्याची छिद्रे धुळीने बुजू देऊ नयेत आणि अडकलेला पंखा तत्काळ बंद करावा.

विजेच्या घटातील जस्त कोळशापेक्षा फार महाग पडते, हेही जूलला लवकरच कळून चुकले. त्याची उमेद मावळली, पण जिज्ञासा मावळली नाही. खाली उतरणाऱ्या वजनांच्या साहाय्याने त्याने पाण्यात वल्ही फिरविली आणि नुसत्या घुसळण्याने पाणी तापते, हे दाखविले. श्रम नाहीसे होत नाहीत. त्यांचीच उष्णता होते, असे त्याने १८४३ साली विद्वानांच्या सभेत मांडले. कोणीही फारसे लक्ष दिले नाही. जूल खचला नाही. तो पुनःपुन्हा प्रयोग करीत राहिला. अखेर १८४७ साली ऑक्सफर्ड येथील सभेत विल्यम टॉमसन या तरुण शास्त्रज्ञाला त्याच्या विचारांचे मोल जाणवले. पुढे १८५० साली रॉयल सोसायटीने त्याला आपला सदस्य करून घेतले.

११ ऑक्टोबर १८८९ रोजी जूलचे निधन झाले. त्याच्या समाधीच्या दगडावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविण्यास किती श्रम लागतात, ते सांगणारा हा आकडा त्याने स्वतःच्या प्रयोगांतून काढला होता. आज जगभर ऊर्जा ज्या एककात मोजतात, त्याला जूल हेच नाव आहे.