घरचा तिरळा डोळा आणि डॉ. झावाल

पॅरिसच्या झावाल कुटुंबात तिरळेपणा घरातच होता. वडिलांचा डोळा तिरळा, मुलगी सोफी हिचाही तिरळा. मुलगा एमिल याचे दोन डोळे वेगवेगळ्या रंगांचे होते. एमिलचा जन्म १८३९ चा. त्याच वर्षी बर्लिनमध्ये डीफेनबाख या सर्जनने डोळ्याचा स्नायू कापून तिरळेपणा घालवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली आणि पाहता पाहता युरोपभर तिची लाट आली. डोळा सरळ दिसू लागला की लोक खूश व्हायचे. कधी तो उलट्या बाजूला वळायचा. त्या डोळ्याला दिसते किती, हे मात्र फारसे कुणी विचारत नसे.

एमिल झावाल शिकले खाण-इंजिनिअरिंग. पण घरच्या डोळ्यांनी त्यांना वैद्यकाकडे ओढले. १८६७ मध्ये हेल्महोल्ट्झ यांचा दृष्टिविज्ञानावरचा मोठा जर्मन ग्रंथ त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर फ्रेंचमध्ये आणला आणि पुढच्याच वर्षी ते डॉक्टर झाले. बर्लिनला जाऊन फॉन ग्रेफ यांच्या हाताखालीही ते शिकून आले. इंजिनिअरची सवय मात्र सुटली नाही. प्रत्येक गोष्ट मोजायची, मगच बोलायचे.

दोन डोळे दोन दिशांना पाहू लागले की मेंदूकडे दोन वेगळी चित्रे जातात. लहान मुलाचा मेंदू यावर सोपा उपाय काढतो. तो एका डोळ्याचे चित्र बाजूला सारतो. डोळा शाबूत असतो, पण वापराविना त्याची नजर वाढत नाही. हाच आळशी डोळा. चांगला डोळा झाकून दुसऱ्याला कामाला लावावे, ही कल्पना झावाल यांची नव्हे. फ्रान्समध्येच ब्यूफाँ यांनी ती १७४३ मध्ये मांडली होती. झावाल यांनी तिला शिस्त लावली. आधी पट्टी, मग स्टिरिओस्कोप. हे त्या काळी दिवाणखान्यातले खेळणे होते. दोन डोळ्यांसमोर दोन चित्रे ठेवायची आणि ती मनात एकत्र जुळवायची. सोफीवर त्यांनी हाच उपचार केला. त्यासाठी महिनोन्महिने रोज बसावे लागे. तेवढा धीर ना बहुतेक रुग्णांना होता, ना डॉक्टरांना. १८९६ मध्ये त्यांनी तिरळेपणावर सविस्तर ग्रंथ लिहिला, तरी पुष्कळांना चाकूच सोयीचा वाटत राहिला.

खरी अडचण आजही धीराचीच आहे. वळसंगमधल्या एखाद्या घरात चार वर्षांच्या मुलाला पट्टी लावली की ते रडते, अडखळते, पट्टी ओढून काढते. साहजिकच आहे, चालू डोळाच झाकलेला असतो. आजी म्हणते, तिरळा डोळा भाग्याचा, कशाला पोराला छळता! आणि पट्टी दोन दिवसांत कपाटात जाते. उपचार काही दिवसभराचा नसतो. आधी योग्य नंबरचा चष्मा, आणि दोष मध्यम असेल तर रोज दोन तासांची पट्टीही पुरते. मात्र ती नेत्रतज्ज्ञाने सांगितल्याप्रमाणेच आणि तपासण्या न चुकवता लावायची, नाहीतर चांगला डोळा मागे पडू शकतो. सात-आठ वर्षांच्या आत सुरुवात झाली तर गुण लवकर येतो, पुढे अवघड होत जाते. याचे कारण ह्युबेल आणि वीझेल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवरील प्रयोगांतून दाखवले. मेंदूतली नजरेची जोडणी बालपणीच पक्की होते.

शिवाय प्रत्येक आळशी डोळा तिरळा नसतो. एका डोळ्याचा नंबर बराच जास्त असला तरी हेच होते आणि बाहेरून काही कळत नाही. मुलाचा एकेक डोळा हाताने झाकून पाहावा. एकाच बाजूला ते हात झटकत असेल, तर सोलापूरला सिव्हिलमध्ये दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये.

नंबर नेमका काढण्यातही झावाल यांचा हात आहे. १८८० च्या सुमारास नॉर्वेच्या श्योट्झ यांच्यासोबत त्यांनी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची वक्रता मोजणारे यंत्र केले. आजच्या केरॅटोमीटरचा तो पूर्वज. वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारत जातो, हेही त्यांच्याच प्रयोगशाळेत लक्षात आले.

मग काचबिंदूने त्यांना गाठले. १९०० पर्यंत त्यांची दृष्टी पूर्ण गेली. तरी त्यांनी अंधांना कागदावर सरळ ओळीत लिहिता यावे म्हणून एक फळी तयार केली, एस्परँटो भाषेचा प्रचार केला आणि १९०३ मध्ये नव्याने अंध झालेल्यांसाठी एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात रोजच्या जगण्यातल्या साध्या गोष्टी आहेत: चालायचे कसे, लिहायचे कसे. १९०७ च्या जानेवारीत ते पॅरिसमध्ये वारले.