भूमीचा वैद्य : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

भूमि ही आपली माता आहे असें आपण म्हणतों. परंतु मातेकडून नित्य घेत राहावयाचें आणि तिला परत कांहींच द्यावयाचें नाहीं, असा व्यवहार फार काळ चालला म्हणजे तीहि थकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागांत नेमकी हीच स्थिति झाली होती. वर्षानुवर्षें एकाच शेतांत कपाशीवर कपाशी घेतल्यानें जमिनीचा कस गेला होता, आणि त्या जमिनीवर राबणारा, नुकताच दास्यांतून सुटलेला कृष्णवर्णीय शेतकरी कर्जांत बुडाला होता. ही भूमि आणि हा माणूस यांचा रोग एकच आहे व त्यावर औषधहि एकच आहे, असें ज्यांनीं ओळखलें, त्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचें चरित्र प्रत्येक विद्यार्थ्यानें जाणून घ्यावें असें आहे.

कार्व्हर यांचा जन्म मिसुरी संस्थानांतील डायमंड या खेड्याजवळ, मोझेस कार्व्हर नांवाच्या शेतकऱ्याच्या मळ्यांत, इ. स. १८६४ च्या सुमारास झाला. त्यांची आई मेरी ही मोझेसनें विकत घेतलेली दासी होती. आणि दासीच्या मुलाची जन्मतिथि लिहून ठेवण्याची त्या काळीं कोणास गरज वाटत नसे. देशांत यादवी युद्ध चाललें होतें. त्या धामधुमींत लुटारूंच्या एका टोळीनें मेरीला व तिच्या तान्ह्या मुलाला मळ्यांतून पळवून नेलें. मोझेसनें त्यांच्या शोधास माणूस धाडला. मूल तेवढें सांपडलें, आणि तें परत आणणाऱ्यास मोझेसनें मोबदला म्हणून आपला एक घोडा दिला. आईचा पत्ता मात्र पुढें कधींच लागला नाहीं.

गुलामगिरी नष्ट झाल्यावर मोझेस व त्याची पत्नी सुझन यांनीं जॉर्ज आणि त्याचा वडील भाऊ जिम यांना आपल्याच घरीं वाढविलें. जॉर्ज डांग्या खोकल्यानें खंगलेला असे. शेतांतील जड काम त्याला झेपत नसे. म्हणून तो सुझनच्या हाताखालीं स्वयंपाक, शिवणकाम, धुणें आणि परसबागेची निगा या गोष्टी शिकला. उरलेला वेळ तो रानांत घालवी. तेथें त्यानें कोणास न सांगतां एक लहानशी बाग केली होती. आजारी रोपें तो तेथें नेई, त्यांची माती बदली, त्यांना ऊन किंवा सावली देऊन पाही. हळूहळू शेजारीपाजारी त्याला वनस्पतींचा वैद्य म्हणूं लागले.

शिक्षणाची वाट त्याला फार खडतर गेली. जवळच्या शाळेंत गोऱ्या मुलांनाच प्रवेश होता. तेव्हां बारा वर्षांच्या सुमाराचा हा मुलगा आठ मैलांवरील निओशो गावीं गेला. तेथें मारिया वॉटकिन्स नांवाच्या सुईणीनें त्याला आश्रय दिला. ती धुण्याचींहि कामें करी. त्यांत तिला मदत करून तो शाळा शिके. पुढें कॅन्सस संस्थानांत तो गांवोगांव हिंडला. फोर्ट स्कॉट येथें १८७९ सालीं जमावानें एका कृष्णवर्णीय मनुष्याचा निर्घृण वध केला. तो प्रकार डोळ्यांनीं पाहून त्यानें तें गांव सोडलें. १८८५ सालीं हायलंड येथील कॉलेजानें पत्रानें त्याला प्रवेश दिला. पण तो प्रत्यक्ष दारांत उभा राहतांच, त्याचा वर्ण पाहून, त्याला परत पाठविलें. दुसरा एखादा तरुण येथेंच खचून गेला असता. जॉर्जनें कांहीं काळ माळरानावर मातीच्या ढेकळांचें घर बांधून शेती केली, आणि १८९० सालीं आयोवा संस्थानांतील सिम्प्सन कॉलेजांत पुन्हां विद्यार्थी म्हणून नांव घातलें. लोकांचे कपडे धुऊन तो आपली गुजराण करी.

तेथें तो चित्रकला शिकत होता. त्यानें काढलेलीं वनस्पतींचीं चित्रें पाहून त्याच्या शिक्षिका एटा बड यांच्या ध्यानांत आलें कीं, ह्या मुलाला नुसतें फूल दिसत नाहीं, फुलाची रचना दिसते. त्यांचे वडील एम्स येथील कृषि-विद्यालयांत उद्यानविद्येचे अध्यापक होते. त्यांच्या सल्ल्यानें कार्व्हर १८९१ सालीं तेथें गेले, आणि त्या संस्थेचे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरले. आरंभीं त्यांना इतर विद्यार्थ्यांच्या भोजनगृहांत बसूं देत नसत. तरीहि १८९४ सालीं त्यांनीं पदवी मिळविली, आणि पिकांवर पडणाऱ्या बुरशीच्या रोगांचा अभ्यास करून १८९६ सालीं वरची पदवीहि संपादिली. चित्रकलाहि सुटली नव्हती. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत त्यांचें एक चित्र मांडलें गेलें.

त्याच वर्षीं, म्हणजे १८९६ सालीं, बुकर टी. वॉशिंग्टन यांचें बोलावणें आलें. वॉशिंग्टन हेहि दास्यांत जन्मलेले. त्यांनीं अलाबामा संस्थानांत टस्कीगी येथें कृष्णवर्णीयांसाठीं एक उद्योगशाळा १८८१ पासून चालविली होती. एम्स येथें कार्व्हर यांना मान होता, संशोधनाचीं साधनें होतीं. टस्कीगीला एक हजार डॉलर वार्षिक वेतन आणि पुष्कळसें काम, एवढेंच मिळणार होतें. ते टस्कीगीला गेले, आणि मरेपर्यंत तेथेंच राहिले.

तेथें पोहोंचल्यावर पाहतात तों प्रयोगशाळा म्हणून कांहींच नाहीं! तेव्हां विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनीं उकिरडे धुंडाळले. टाकून दिलेल्या बाटल्या, फुटकीं भांडीं, जुने डबे, रबराचे तुकडे यांतून त्यांनीं पहिलीं उपकरणें सिद्ध केलीं. पुढच्याच वर्षीं संस्थानच्या कायदेमंडळानें टस्कीगी येथें कृषि-प्रयोगक्षेत्र स्थापून त्यास वर्षास पंधराशें डॉलर मंजूर केले. ही रक्कम अगदींच तुटपुंजी होती. परंतु ह्या दारिद्र्यांतूनच कार्व्हर यांच्या संशोधनाला खरी दिशा मिळाली. जो उपाय करण्यास पैसा लागतो तो आपल्या शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाहीं, हें त्यांनीं मनाशीं पक्कें केलें. बहुतेक शेतकरी दुसऱ्याची जमीन बटाईनें करीत. बियाणें, अवजारें आणि पोटाला लागणारें धान्यहि ते उधारीवर आणीत, आणि कापूस निघाला कीं तो त्या देण्यांतच जाई. अशा माणसाला विकतचें खत घ्या म्हणून सांगणें ही त्याची थट्टाच झाली असती.

म्हणून कार्व्हर यांनीं फुकट मिळणारें खत शोधलें. रानांतील पालापाचोळा, दलदलींतील काळा गाळ आणि गोठ्यांतील शेण कुजवून शेतांत घालावें, असें ते सांगत. दुसरा उपाय पिकांच्या फेरपालटीचा. आपल्याकडील शेतकरी ज्याला बेवड म्हणतात तें तत्त्व हेंच. चवळी, सोयाबीन, भुईमूग यांसारख्या शेंगांच्या पिकांच्या मुळांवर बारीक गांठी असतात. त्या गांठींतील सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र घेऊन तो वनस्पतीला उपयोगी पडेल अशा रूपांत आणतात. ही गोष्ट जर्मन शास्त्रज्ञ हेलरीगेल यांनीं १८८६ सालीं दाखवून दिली होती. कपाशी जमिनींतून जें ओढून घेते त्यांतील कांहीं भाग हीं पिकें परत देतात. तेव्हां हा शोध कार्व्हर यांचा नव्हे. युरोपांतील प्रयोगशाळेंतलें हें ज्ञान अलाबामांतल्या निरक्षर शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणें, हें त्यांचें कार्य.

ह्या पिकांचा आणखीहि एक लाभ होता. गरीब लोकांचें नित्याचें जेवण म्हणजे मक्याचें पीठ, खारविलेलें चरबीचें मांस आणि काकवी. अशा आहारानें पेलाग्रा नांवाचा भयंकर रोग होई; अंगाची कातडी फाटे, बुद्धीला भ्रम होई, आणि हजारों माणसें दगावत. नियासिन ह्या जीवनसत्त्वाच्या अभावीं तो होतो, हें शास्त्रज्ञांना १९३७ च्या सुमारास कळलें. भुईमुगांत हें जीवनसत्त्व भरपूर असतें. रोगाचें हें कारण ठाऊक होण्याच्या पुष्कळ आधींपासून कार्व्हर हे शेतकऱ्यांना घराजवळ भाजीपाला लावा, चवळी व भुईमूग खा, असें सांगत होते. ज्या पिकानें जमीन सुधारे, त्याच पिकानें घरांतील मुलें सुधारत!

हें ज्ञान लोकांपर्यंत पोहोंचविण्यासाठीं त्यांनीं सोप्या भाषेंत लहान लहान पत्रकें लिहिलीं. १८९८ पासून त्यांच्या मृत्यूपर्यंत अशीं चव्वेचाळीस पत्रकें निघालीं. त्यांत शास्त्रीय माहितीबरोबर गृहिणीसाठीं पाककृति असत. परंतु ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांचें काय? त्यांच्यासाठीं १९०६ सालीं टस्कीगीनें एक चाकांवरची शाळा सुरू केली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांच्या साहाय्यानें एक घोडागाडी तयार झाली. सुधारलेले नांगर, बियाणें, लोणी काढण्याचीं साधनें असें सामान तींत भरून ती खेडोपाडीं फिरे, आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत प्रयोग करून दाखवी.

इतक्यांत दक्षिणेवर एक मोठें संकट आलें. मेक्सिकोंतून टेक्सासांत १८९२ च्या सुमारास शिरलेला, कपाशीच्या बोंडांत अंडीं घालणारा सोंडकिडा पुढें सरकत सरकत १९१० सालीं अलाबामांत पोहोंचला. उभीं शेतें वायां जाऊं लागलीं. एकाच पिकावर जगण्यांत किती धोका आहे हें आतां सर्वांना पटलें, आणि शेतकरी भुईमुगाकडे वळले. एंटरप्राइझ नांवाच्या गांवानें तर १९१९ सालीं ह्या किड्याचें स्मारक उभारलें; कारण त्याच्यामुळें तेथील शेतकरी कपाशीच्या दास्यांतून सुटले! मात्र पीक वाढलें कीं त्याला गिऱ्हाईकहि हवें. कार्व्हर यांनीं भुईमुगापासून दूध, पीठ, रंग, शाई, साबण असे सुमारें तीनशें आणि रताळ्यापासून शंभराहून अधिक पदार्थ तयार करून दाखविले. १९१६ सालीं त्यांनीं भुईमुगाच्या लागवडीचें व त्याच्या १०५ पाककृतींचें पत्रक प्रसिद्ध केलें.

१९२१ सालीं अमेरिकेच्या कायदेमंडळाच्या समितीपुढें परदेशी भुईमुगावर जकात असावी कीं नाहीं हा प्रश्न होता. उत्पादकांच्या बाजूनें बोलण्यास कार्व्हर यांना दहा मिनिटें मिळालीं. आरंभीं कांहीं सभासदांनीं त्यांची चेष्टाहि केली. त्यांनीं शांतपणें पेटी उघडून एक एक पदार्थ बाहेर काढला. सभासद इतके रंगले कीं त्यांचा वेळ वाढवून दिला गेला. पुढच्या वर्षीं झालेल्या जकातीच्या कायद्यांत भुईमुगाचा समावेश झाला, आणि कार्व्हर यांचें नांव देशभर गाजलें.

थोर पुरुषांच्या कीर्तीभोंवतीं दंतकथा जमतात, तशा याहि कीर्तीभोंवतीं जमल्या आहेत. शेंगदाण्याचें लोणी त्यांनीं शोधून काढलें असें पुष्कळ लोक सांगतात. तें खरें नव्हे, तें त्यांच्या आधींच इतरांनीं केलें होतें. त्यांच्या शेंकडों पदार्थांपैकीं फारच थोडे बाजारांत टिकले, आणि त्यांनीं एकंदर तीनच एकस्वें घेतलीं. कारभारांतहि ते विशेष कुशल नव्हते. शाळेचा कोंबड्यांचा विभाग त्यांच्याकडे असतां वॉशिंग्टन यांच्याशीं त्यांचे खटके उडत. परंतु हें सर्व वजा करूनहि जें उरतें तेंच त्यांचें खरें मोठेपण. उपाशी शेतकऱ्याला त्याच्याच अंगणांतील वस्तु वापरून पोट भरावयास आणि जमीन राखावयास त्यांनीं शिकविलें. ही गोष्ट कोणत्याहि एकस्वांत बसत नाहीं.

कार्व्हर अविवाहित होते. पहांटे उठून रानांत एकटें फिरावयाचें हा त्यांचा नेम. त्या वेळीं आपल्याला सृष्टिकर्त्याकडून मार्गदर्शन मिळतें अशी त्यांची श्रद्धा होती. विद्यार्थ्यांसाठीं ते अनेक वर्षें बायबलचा वर्ग घेत. महात्मा गांधींशींहि त्यांचा पत्रव्यवहार झाला. साध्या कपड्यांत, कोटाला रोज एक ताजें फूल लावून, ते आयुष्यभर वावरले. जमलेली बचत, सुमारें साठ हजार डॉलर, त्यांनीं टस्कीगी येथील संशोधनाच्या निधीस दिली. ५ जानेवारी १९४३ रोजीं ते निवर्तले, आणि बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारींच त्यांचें दफन झालें. त्याच वर्षीं त्यांच्या जन्मस्थानाला राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला. कृष्णवर्णीय अमेरिकन मनुष्याला हा मान प्रथमच लाभत होता. महाराष्ट्रांत वीणा गवाणकर यांच्या १९८१ सालच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकानें त्यांची ओळख घरोघर करून दिली आहे.

विद्यार्थीमित्रांनो, साधनें नाहींत म्हणून आपण किती कामें उद्यांवर टाकतों! ज्याच्या बदल्यांत एके काळीं एक घोडा दिला गेला, त्या मुलानें उकिरड्यावरच्या बाटल्यांतून प्रयोगशाळा उभारली आणि कोमेजलेल्या रोपांइतक्याच ममतेनें कोमेजलेलीं शेतें व माणसें सांवरलीं. आपल्या घरामागें असलेल्या वीतभर जमिनीकडे, आणि तींत घाम गाळणाऱ्या माणसाकडे, ज्याला ह्या चरित्रानंतर अधिक आदरानें पाहतां येईल, त्याला कार्व्हर कळले असें खुशाल समजावें.